चाळण

सही मी केली.
कुणी हात धरला नव्हता, ते आधीच सांगते.

अक्कोळ रोडला, जिन्याखालच्या खोलीत
आम्ही अकरा बायका पोटात पाणी धरून बसलेल्या.
मल्लव्वा सिस्टर म्हणाली, इल्ली सही माडरी, अक्का,
आणि पेनाचं टोपणही तिनंच काढून दिलं.

कागद कन्नडात, त्याखाली बारीक इंग्रजी.
मी सातवी, मराठी शाळा.
कन्नड मला बोलता येतं,
बाजारात, एस्टीत, भांडणात.
वाचता येत नाही.
तोंडं दुमडलेल्या बिड्यांसारखी अक्षरं,
आत काय भरलंय ते बाहेरून कळेना.

काय लिहिलंय?
"पोरगा का पोरगी विचारणार नाही म्हणून. तेवढंच."

तेवढंच.
ते तर मी विचारणारच नव्हते.
आम्हांला वाटलेलं, बाळाचा फोटो काढतात.
सासूबाई म्हणाल्या होत्या, रंगीत निघतो का बघ.

पोटावर गार काहीतरी ओतलं.
पडदा डॉक्टरीणबाईंकडे, माझ्याकडे भिंत,
भिंतीवर कॅलेंडर, मागच्या महिन्याचंच.
बाई आकडे सांगत होत्या, पोरगी लिहीत होती.
मग हात थांबला.

हात थांबला की काय होतं, ते मला ठाऊक आहे.
कारखान्यात चेकरचा हात कट्ट्यावर असाच थांबतो,
एक बिडी ओढतो, मोडतो,
छाट म्हणतो, टोपलीत टाकतो.
पंचवीसातली कुठली वाईट ते तोच ठरवतो.

"हृदयात एक पांढरा ठिपका दिसतोय.
बहुतेक वेळा काही नसतं."

"बहुतेक" मी घरी घेऊन आले,
पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.
नवऱ्यानं विचारलं, फोटो?
म्हटलं, दिला नाही.

तंबाखूनं झालं का, हे मी तिथंच विचारलेलं.
नाही म्हणाल्या, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.
तरी त्या रात्री हात चारदा धुतले,
आणि नखांचा वास गेला नाही.
उजव्या कुशीवर झोपले, डाव्या कुशीवर झोपले.
ठिपका कुठल्या बाजूला, ते विचारायचं राहिलं होतं.

आशाताई शेवंता दुपारी आल्या, पंखा घालत म्हणाल्या,
"अगं, ही चाळण असते. चाळणीत राहिलं
म्हणजे खडाच, असं नसतं.
खात्री करायची तर बेळगावला जायचं,
पोटातनं सुईनं पाणी काढतात.
त्यातबी धोका असतोय, थोडा."

थोडा.

मी जर्दा चाळते रोज, बारा वर्षं झाली.
वर राहतं ते सगळं काडी नसतं,
खाली पडतं ते सगळं चांगलं नसतं,
हे मला कुणी शिकवायला नको.
पण चाळायच्या आधी तंबाखूला कुणी विचारत नाही.
मला विचारता आलं असतं.
एवढं म्हणायला हवं होतं:
सुशीला, ह्यात असं असं कळू शकतं,
कळल्यावर परत न कळलेलं होत नाही,
आणि नको म्हटलीस तरी
आम्ही रागावणार नाही.
मी कदाचित हो म्हटलं असतं.
बहुतेक हो म्हटलं असतं.
पण ते माझं हो असतं.

मंगळवारी परत गेले. नवा कागद पुढं आला.
म्हटलं, सिस्टर, वाचून दाखवा.
"आता? लाइन बघ की."
बघितली. म्हटलं, वाचा.
मल्लव्वानं चष्मा लावला.
एक ओळ कन्नडात, एक ओळ तिच्या मोडक्या मराठीत.
"धोका" ह्या शब्दाशी ती अडली,
मग तिनं हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पुढं वाचलं.
मागच्या बाकावरची बाई पुढं सरकली,
मग तिच्या मागची.

सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही.
शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय.
कागद पत्र्याच्या डब्यात आहे, मापाखाली,
त्याला आता जर्द्याचा वास येतो.

काल संध्याकाळी कट्टा बांधताना
आतून कुणीतरी हळूच ढकललं,
आणि मोजणी चुकली.
सव्वीस भरल्या की चोवीस,
सोडून बघितलं नाही.
चेकर बघेल.